नोंदवहीतली एक ओळ

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा मी लहानपणापासून बघत आलोय. पालखी आमराईकडे निघते, माणसं रानातली चुनखडी वेचतात. त्या गर्दीत आराधी असतात, तृतीयपंथीही असतात. देवीच्या दारात कुणी कुणाला कागद विचारत नाही. कागद विचारतात ते कचेरीत.

त्या कागदाची किंमत मला एका घरावरून कळली. आमच्या ओळखीच्या दोन शिक्षिका अठ्ठावीस वर्षं एका छताखाली राहिल्या. त्यांचं नातं काय, गावानं कधी विचारलं नाही. एक बाई वारल्या. तेराव्याच्या आत पुतण्यांनी घराला कुलूप लावलं. दुसऱ्या बाई दोन पिशव्या घेऊन स्टँडवर बसल्या होत्या. कायद्याच्या लेखी त्या कुणीच नव्हत्या.

कायद्यानं कुणाला नवरा-बायको म्हणायचं, ही भांडणं आपल्याकडे जुनीच. 1872 च्या कायद्यानं नोंदणी लग्नाची सोय केली. पण वधूवरांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म मानत नाही, असं लिहून द्यायचं. म्हणजे लग्न हवं तर धर्म नाकारा! 1919 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. तेव्हाही ‘धर्म बुडाला’ अशी ओरड झालीच. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं धर्म न सोडता हिंदू-मुसलमानांना लग्न नोंदवता येऊ लागलं. तीस दिवसांची नोटीस मात्र आजही भिंतीवर लागते आणि कित्येक जोडप्यांची झोप उडवते.

समलिंगी माणसांचा प्रश्नही परदेशातून काल आलेला नाही. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून वाचकांच्या अशा शंकांना उत्तरं देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये मुंबईच्या कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण विषय मराठीत बोलला गेला, तो गेलाच.

पुढं सुप्रीम कोर्टानं 6 सप्टेंबर 2018 रोजी कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. गुन्हा संपला, पण नातं लागलं नाही. लग्नाची मागणी घेऊन जोडपी कोर्टात गेली. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला: लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तो संसदेनं. स्त्री-पुरुष म्हणून जगणाऱ्या तृतीयपंथी जोडप्यांना मात्र सध्याच्या कायद्यात लग्न करता येईल, यावर पाचही जण एकमत होते. जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. मधल्या काळात, 2024 मध्ये केंद्रानं अशा जोडीदारांना बँकेत जोडखातं उघडायला अडचण नाही, रेशनकार्डासाठी ते एकाच घरातले धरावेत, असं कळवलं. म्हणजे ज्वारी-गव्हापुरतं कुटुंब मान्य आहे. वारसा आणि पेन्शनीपुरतं नाही.

मला लोक विचारतात, ‘भाई, तुम्ही मुसलमान असून हे बोलता?’ मी सांगतो, निकाह कुणाचा लावायचा ते काझी बघतील, सप्तपदीचं भटजी बघतील. त्यांचं दार त्यांच्या हाती. मी बोलतोय ते निबंधकाच्या कचेरीबद्दल. ती माझ्या, तुमच्या, सगळ्यांच्या करातून चालते. तिथल्या नोंदवहीत एकेकाळी माझ्या धर्माच्या माणसाला धर्म सोडल्याशिवाय जागा नव्हती. ज्याला उंबऱ्याबाहेर उभं राहणं ठाऊक आहे, त्यानं दार आतून लावून घेऊ नये.

त्या बाई पुढं भाचीकडं गेल्या, तिथंच वारल्या. दोघींची नावं एका ओळीत लिहिलेला एकच कागद मी पाहिला, शाळेच्या हजेरीपटाचा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)