आठशेच्या पुढे

धावपटू ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातली, मोही गावची. तरी आम्ही सोलापूरकर तिला अर्धी आपलीच धरतो, कारण माण नदी सांगोला, मंगळवेढा करत शेवटी आमच्याच जिल्ह्यात भीमेला मिळते. पाणी असलं तर. रिओ ऑलिंपिकनंतर ‘दुष्काळी तालुक्यातली पोरगी पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारते’ यावर पेपरवाल्यांनी रकाने भरले. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. ललिताने जिच्यात नाव काढलं ती स्टीपलचेस, म्हणजे कठडे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, ललिता शाळेत होती तेव्हा ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी नव्हतीच. पुरुष मात्र १९०० सालापासून पळत होते.

हे सगळं घोडं अडलं ते ॲम्स्टरडॅमला, १९२८ साली. ऑलिंपिकमध्ये बायकांचं ॲथलेटिक्स तेव्हा पहिल्यांदाच आलं होतं. ८०० मीटर जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकली, विश्वविक्रम केला. पण वर्तमानपत्रांनी छापलं काय, तर बायका पटापट कोसळल्या. अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली होती. शर्यत संपल्यावर पुरुषही मैदानावर आडवे होतातच की! त्याबद्दल कुणी अग्रलेख लिहीत नाही. पुढे १९६० च्या रोमपर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना २०० मीटरच्या पुढे पळू दिलं नाही. १५०० मीटर आली १९७२ ला, मॅरेथॉन १९८४ ला आणि स्टीपलचेस थेट २००८ ला, बीजिंगमध्ये.

बत्तीस वर्षं ८०० मीटर बंद होती, पण भीती त्याहून जास्त टिकली. मी क्रीडाशिक्षिका म्हणून नोकरीला लागले तेव्हाची एक शालेय स्पर्धा आठवते. दोनशे मीटरचा ट्रॅक आदल्या संध्याकाळी आम्हीच फक्कीने आखलेला. मुलींच्या ८०० ला चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीला एक पंच पाण्याचा तांब्या घेऊन आत शिरले आणि माझ्या शाळेच्या मुलीला म्हणाले, ‘बास झालं बाळ, थांब आता.’ ती दुसरी होती. थांबली नाही, पण लय तुटली आणि चौथी आली. पंच मनाने चांगले होते, म्हणून तर जास्त राग आला.

जुळे सोलापुरात राहायला आल्यावर विजापूर रोडकडच्या मोकळ्या जागेत मी पोरींना सकाळी पळवायची. शाळेतली लाकडी बाकं आडवी टाकून स्टीपलचेसचा सराव करून बघितला. साध्या हर्डलला पाय लागला तर हर्डल पडतं. इथला कठडा पडत नाही, पोरगी पडते. साडेसात फेऱ्यांच्या या शर्यतीत २८ वेळा कठडा आणि ७ वेळा पाणी. पाण्याच्या कठड्यावर पाय रोवायचा, रेटा द्यायचा आणि जमेल तितकं लांब उतरायचं. खड्डा कठड्यापाशी खोल, पुढे उथळ होत जातो. दमलेली मुलगी जवळच उतरते, म्हणजे खोलात उतरते. जी थकली तिलाच जास्त पाणी, असा हा न्याय!

म्हणूनच ललिताचं मॅरेथॉनमधून येणं मला हुशारीचं वाटतं. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने सलग तीनदा पहिला नंबर काढला, तिसरा जानेवारी २०१४ मध्ये. मग ती स्टीपलचेसकडे वळली. शेवटच्या दोन फेऱ्यांत जिचे पाय शाबूत, तिची ही शर्यत. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत ९ मिनिटे ३५.३७ सेकंद, ब्राँझ आणि सुधा सिंगचा राष्ट्रीय विक्रम मोडीत. सुधाने २०१० ला ग्वांगझूमध्ये सुवर्ण घेतलं होतं, हेही विसरू नये. ललिताच्या पुढची वाट तिनेच तुडवली. २०१५ ला वुहानमध्ये ललिता आशियाई विजेती झाली, बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवी आली.

रिओत १३ ऑगस्ट २०१६ च्या हीटमध्ये तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंद वेळ दिली. स्वतःचाच विक्रम तिने सात सेकंदांनी खाली आणला. स्टॉपवॉच हाताळलेल्या माणसाला सात सेकंद म्हणजे काय ते कळतं. फायनल पंधरा ऑगस्टला होती. ती दहावी आली, ९ मिनिटे २२.७४ सेकंद. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या फायनलला भारतीय बाई उतरली ती १९८४ च्या पी. टी. उषानंतर थेट ही. आणि गंमत बघा, उषाचं ब्राँझ एक शतांश सेकंदाने गेलं ती ४०० मीटर हर्डल्ससुद्धा बायकांसाठी त्याच ऑलिंपिकमध्ये नवी आली होती. नव्या शर्यतीत जुनी घराणी अजून जमलेली नसतात. आमच्या पोरी तिथून आत शिरल्या.

ललिताचा आकडा २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीने मोडला, ९ मिनिटे १५.३१ सेकंद. तोवर ललिता ट्रॅकवरून कचेरीत गेली होती; राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारी केलं. रिओला ती २७ वर्षांची होती आणि स्टीपलचेस मनावर घेऊन तिला दोन-अडीच वर्षंच झाली होती. अजून एक ऑलिंपिक तिच्यात नक्की होतं, असं मी म्हटलं की आमचे हे म्हणतात, ‘तुला काय जातंय बोलायला?’ ते खरंच आहे. कोरडवाहू घरात सरकारी नोकरीची किंमत काय असते ते मलाही कळतं. माझंही घर याच खेळाच्या पगारावर उभं राहिलंय. तरी आठवी आणि दहावी यांच्यानंतर तिसरा आकडा काय आला असता, हा हिशेब मी अजून करते.