पारसिकची खडी आणि वाशीचा राडारोडा

१७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना होऊन ठाण्याच्या खाडीपलीकडील पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविण्याची तजवीज सुरू झाली, तेव्हा या नगरासाठी लागणारा पाषाण फार दुरून आणावा लागला नाही. पारसिकच्या डोंगररांगेत सुरुंग धडाडू लागले, क्रशरमधून काळ्या पाषाणाची खडी, ग्रिट आणि कच बाहेर पडू लागली, आणि डोंगराच्या कडा वाशी-नेरूळच्या इमारतींत जाऊन बसल्या. 

असे डोंगर फोडण्याऐवजी टाकाऊ द्रव्यांपासून काँक्रीट करण्याची कल्पना आज मोठ्या नवलाईने मांडली जाते; परंतु सिमेंट येण्यापूर्वी आपल्याकडील गवंड्यांचा तो नित्याचा व्यवहार होता. नुसता चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो आणि ओलाव्यात दुबळा राहतो, म्हणून चुन्याच्या घाणीत तो मळताना त्यात भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळीत. तिच्यातील सिलिका आणि ॲल्युमिना यांचा चुन्याशी संयोग होऊन पाण्यातही टिकणारा बंध निर्माण होई. नेपल्सजवळच्या ज्वालामुखीच्या राखेने रोमन स्थपतींनी हेच साधले होते. गच्चीवर फुटक्या विटांचा चुन्यातला कोबा घालीत, आणि तो ठोकून ठोकून घट्ट करण्याचे कष्टाचे काम बहुधा मजूर स्त्रियांच्या वाट्याला येई.

१९१४च्या सुमारास पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले आणि पुढील काही दशकांत चुन्याची घाणी शहरांतून हद्दपार झाली. मात्र सुरखीमागील रसायन परतले ते औष्णिक विद्युत्‌केंद्रांच्या राखेतून. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने या राखेचा वापर बांधकामात सक्तीचा करण्यास आरंभ केला, आणि आयएस ४५६ या संहितेच्या २०००च्या आवृत्तीने राख व लोहभट्टीची मळी यांना काँक्रीटमध्ये रीतसर स्थान दिले.

खडीचा प्रश्न अधिक बिकट, कारण डोंगर न फोडता ती मिळवायची तर पाडलेल्या इमारतींकडेच वळावे लागते. खाडीच्या क्षारयुक्त हवेने सळया गंजून, फुगून काँक्रीटचे पापुद्रे निघू लागले. वाशीतील सिडकोच्या जुन्या वसाहती पन्नाशीच्या आतच पुनर्विकासाच्या दारात उभ्या राहिल्या, आणि मुंबईचा राडारोडाही ट्रकांतून खाडीकाठच्या खारफुटीवर येऊन पडत राहिला. या शतकाच्या आरंभी सिडको आणि ‘युवा’ संस्थेने याच राडारोड्यापासून विटा व फरसबंदीचे ठोकळे करण्याचा उपक्रम नवी मुंबईत चालविला, तो मला काळाच्या पुढचा वाटतो. कारण राडारोड्याविषयीचे केंद्रीय नियम २०१६ साली आले.

त्याच वर्षी खडीविषयीच्या आयएस ३८३ या संहितेने जुन्या काँक्रीटच्या खडीला मर्यादित परवानगी दिली: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ या प्रतीपर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्के, एम-१५ हून दुबळ्या मिश्रणात मात्र पूर्णपणे. ही कंजुषी अकारण नाही; खडीला चिकटून राहिलेला जुना मसाला सच्छिद्र असल्याने पाणी अधिक शोषतो आणि मिश्रणाचा हिशेब बिघडवितो, म्हणून खडी आधी भिजवून घ्यावी लागते. त्यात वाशीच्या काँक्रीटने खाडीची हवा वर्षानुवर्षे प्यालेली; तेव्हा त्यातील क्लोराइड मोजल्यावाचून ते पुन्हा सळईजवळ नेऊ नये, पदपथ आणि पायाखालच्या थराकडेच वळवावे, असे माझे मत आहे.