अर्धवेळ माणसाचे गणित

'१२ मजूर एक भिंत १० दिवसांत बांधतात, तर ६ मजूर तीच भिंत किती दिवसांत बांधतील?' व्यस्त त्रैराशिकाचे हे उदाहरण आपण सर्वांनी सोडवलेले आहे. काम १२० मनुष्यदिवसांचे. माणसे निम्मी झाली की दिवस दुप्पट. उत्तर २०. आता प्रश्न थोडा बदलू या. मजूर १२च आहेत, पण ते अर्धवेळ येतात. तर किती दिवस? वर्गातून पुन्हा 'वीस' असेच उत्तर येईल. ते नेहमी बरोबर असते का? या साध्या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

काम आणि काळ यांचा मेळ कागदावर मांडण्याचा एक जुना प्रयत्न पोलिश अभियंता कारोल आदामिएत्स्की यांचा. पोलादाच्या कारखान्यात काम करताना १८९६च्या सुमारास त्यांनी 'हार्मोनोग्राम' तयार केला. प्रत्येक कामासाठी कागदाची एक पट्टी. या कामाआधी कोणती कामे व्हायला हवीत आणि नंतर कोणती, याची तिच्यावर नोंद. वेळ बदलली की पट्टीवरील खूण सरकवायची. त्यांचा यावरील प्रसिद्ध लेख मात्र १९३१ साली, तोही पोलिश भाषेत छापला गेला. त्यामुळे नाव झाले ते अमेरिकन अभियंता हेन्री गँट (१८६१-१९१९) यांचे. त्यांचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत वापरात आले. त्यांतील एका प्रकारच्या तक्त्यात दर माणसामागे एक ओळ असे. आज कोणते काम व्हायचे होते आणि किती झाले, हे त्या ओळीवरून समजे.

१९५७ साली या विषयाला नवे वळण मिळाले. रासायनिक कारखान्यांची उभारणी व दुरुस्ती लवकर कशी करावी, हा प्रश्न ड्यूपाँ कंपनीपुढे होता. तिचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी युनिव्हॅक संगणकाच्या मदतीने 'क्रांतिक मार्ग पद्धत' विकसित केली. कामांचे जाळे काढायचे आणि त्यातील सर्वांत लांब वाट शोधायची. या वाटेवरच्या कामाला एक दिवस उशीर झाला, तर सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकीच्या कामांना थोडीफार सवड असते. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी 'पर्ट' ही अशीच पद्धत तयार केली.

या जाळ्यात एक उणीव होती. त्यात कामे होती, दिवस होते, पण माणसे नव्हती. एकाच प्रयोगशाळा परिचराला एकाच दिवशी दोन खोल्यांत काम असेल, तरी जाळ्याला त्याचा पत्ता नसे. माणसे मोजकी आहेत हे गृहीत धरून वेळापत्रक बसवायचे, तर गणित फारच अवघड होते. अशा समस्यांसाठी नेहमी झटपट उत्तम उत्तर देणारी कृती गणितज्ञांना सापडलेली नाही, आणि ती सापडण्याची आशाही फारशी नाही, असे १९८३ साली सिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसते. म्हणून संगणकाच्या आज्ञावली बऱ्यापैकी चालेल असे उत्तर शोधतात.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट ही अशीच एक आज्ञावली. तिची पहिली आवृत्ती १९८४ साली आली. तिच्या मुळाशी आपले त्रैराशिकच आहे: काम = कालावधी × माणसाचा वाटा. पूर्णवेळ माणसाचा वाटा १०० टक्के, अर्धवेळाचा ५० टक्के. ४० तासांचे काम, ८ तासांचा दिवस. पूर्णवेळ माणसाला ५ दिवस, अर्धवेळाला १० दिवस.

आता शाळेतले उदाहरण घेऊ. समजा, शनिवारी विज्ञान प्रदर्शन आहे. तक्ते रंगवण्याचे काम ८ तासांचे असून ते अर्धवेळ चित्रकला शिक्षिकेकडे आहे. मुलांनी मजकूर बुधवारी दुपारी दिला. आज्ञावलीत '५० टक्के' लिहिले, तर ती रोज ४ तास धरते आणि शुक्रवारी दुपारी काम संपेल असे सांगते. प्रत्यक्षात बाई सोमवारी व मंगळवारी पूर्ण दिवस आणि बुधवारी दुपारपर्यंत येतात. आठवड्याचे तास ४० पैकी २०, म्हणजे अर्धेच. पण मजकूर हाती येतो तेव्हा त्यांचा आठवडा संपलेला असतो. तक्ते पुढच्या सोमवारी संध्याकाळी तयार होतील आणि प्रदर्शन तर शनिवारीच उरकलेले असेल!

चूक कोणाची? बाईंची नक्कीच नाही. त्यांचे २० तास त्या इमाने देत आहेत. चूक आहे ती 'अर्धा' या शब्दाने सर्व सांगून झाले असे मानण्याची. अर्धवेळ म्हणजे किती तास, हे टक्केवारी सांगते. ते तास कोणते, हे फक्त दिनदर्शिका सांगते. अशा आज्ञावलीत प्रत्येक माणसाची वेगळी दिनदर्शिका भरण्याची सोय असते ती याचसाठी. ती न भरता केलेले वेळापत्रक कागदावर सुबक दिसते, आणि ते कोसळले की दोष अर्धवेळ माणसावर येतो. मग अर्ध्या पगारात त्याने रजेच्या दिवशीही यावे, अशी अपेक्षा सुरू होते.

मनुष्यदिवस या मापाबद्दल आणखी एक सावधगिरीची सूचना संगणकक्षेत्रातूनच आली. आयबीएमच्या 'ओएस/३६०' या मोठ्या प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. माणसे आणि महिने यांची मनमानी अदलाबदल करता येत नाही, हे त्याचे सार. माणसे वाढली की एकमेकांना समजावण्याचे कामही वाढते. ४ माणसांत ६ जोड्या होतात, ८ माणसांत २८. दोन अर्धवेळ माणसे मिळून एक पूर्ण माणूस होतो असे मानतानाही, एकाने दुसऱ्याला काम समजावून देण्याचा वेळ धरावाच लागतो.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा, एक तास म्हणजे एक सेंटिमीटर. शाळेच्या स्नेहसंमेलनाची कामे त्यांवर लिहा आणि फळ्यावर आठवड्याच्या रकान्यांत लावा. मग एका मुलाला सांगा, 'तू फक्त सोमवारी आणि गुरुवारी येणार.' कोणत्या पट्ट्या सरकतात, कोणत्या नाही, हे मुलांनाच शोधू द्या. त्रैराशिकाचे उत्तर कुठे लागू पडते आणि कुठे नाही, हे त्यांना तेव्हा उमगेल. आणि १२ अर्धवेळ मजुरांच्या प्रश्नावर 'वीस' म्हणण्याआधी एखादा हात वर होईल: 'सर, ते मजूर कोणत्या दिवशी येतात?' तसे झाले, तर तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.