जव्हारचे राजे आणि भिवंडीची मतपेटी

राजाच्या दारीं प्रजेनें दाद मागावी, ही आपल्या देशाची जुनी रीत. राजानेंच प्रजेच्या दारीं जाऊन कौल मागावा, ही रीत मात्र अलीकडची. भिवंडीनें ती १९६२ सालच्या सार्वत्रिक निवडणुकींत पाहिली. त्या वर्षीं भिवंडी मतदारसंघांतून काँग्रेसतर्फे लोकसभेसाठीं उभे राहिलेले यशवंतराव मार्तंडराव मुकणे हे जव्हार संस्थानचे अखेरचे अधिपति. शिवाय दुसऱ्या महायुद्धांत विमानदलाचा गणवेश अंगावर चढविलेले सैनिक.

जव्हार म्हणजे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील सुमारें ३१० चौरस मैलांचा डोंगराळ मुलूख. मुकणे घराणें महादेव कोळी जमातीचें. त्याची गादी चौदाव्या शतकांत जयबा मुकणे यांनीं स्थापिली, अशी परंपरा आहे. रयत मुख्यतः वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि कोळी. रानांत साग, खाचरांत भात, उतारावर नागली व वरई, हीच तेथील संपत्ति. या राज्याचा वारसा १९१७ सालीं जन्मलेल्या यशवंतरावांकडे १९२७ मध्यें, बाळपणींच आला. ते वयांत येईपर्यंत मातोश्रींनीं कारभार सांभाळला.

पुढें महायुद्ध पेटलें. हिंदी विमानदल तेव्हां अगदीं नवें होतें. त्याची स्थापना १९३२ सालची. या तरुण राजानें त्यांत प्रवेश केला व फ्लाइट लेफ्टनंटचा हुद्दा मिळविला. दरबारांत ज्यास सर्वांनीं मुजरा करावा, त्यानें छावणींत वरिष्ठांस सलाम करावयाचा, हा लष्करी शिस्तीचा धडा राजवाड्यांत मिळण्यासारखा नव्हता.

युद्धाहून परतलेल्या तरुणांनीं कायदेमंडळाची वाट धरावी, हें त्या काळीं अन्य देशांतही घडत होतें. अमेरिकेच्या नौदलांतील अधिकारी जॉन केनेडी हे १९४६ सालीं, वयाच्या २९ व्या वर्षीं, तेथील प्रतिनिधिगृहावर निवडून आले. मतदारांच्या मनांत युद्ध ताजें होतें. सैनिकी सेवा ही उमेदवाराची मोठी शिफारस होती. यशवंतराव भिवंडीस उभे राहिले तेव्हां त्यांचें वय ४४ होतें आणि युद्ध संपून १६ वर्षें लोटलीं होतीं. शिवाय ठाणें जिल्ह्याच्या रानांत लोकांच्या मनांतला हिशेब निराळाच होता. तो वेठीचा, मजुरीचा आणि जमिनीचा होता.

महायुद्ध संपलें त्याच १९४५ सालीं उंबरगांव व डहाणू या तालुक्यांत वारली लोक सावकार-जमीनदारांविरुद्ध उठले. गोदावरी व शामराव परुळेकर या किसान सभेच्या पुढाऱ्यांनीं त्यांस संघटित केलें. ऑक्टोबरांत तलवाड्यास जमलेल्या जमावावर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड व त्याचे सोबती प्राणास मुकले. हा मुलूख जव्हार संस्थानच्या हद्दीबाहेरचा. परंतु दुःख एकाच रानांतलें होतें. १९५७ च्या निवडणुकींत ठाणें मतदारसंघानें याच शामरावांस लोकसभेंत पाठविलें. पांच वर्षांनीं राजांनीं मत मागितलें, तें या जिल्ह्याला.

येथें श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९४८ सालीं जव्हार मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्यघटनेनें राजास आणि त्याच्या मोळीविक्यास एकेकच मत दिलें. १९५७ पर्यंत ठाण्यास दोन जागांचा जोडमतदारसंघ होता. १९६१ च्या कायद्यानें असे मतदारसंघ मोडले आणि भिवंडीची जागा अनुसूचित जमातींसाठीं राखीव झाली. अर्थात् यशवंतराव तेथें उभे राहूं शकले, ते गादीच्या हक्कानें नव्हे. ज्या जमातींत ते जन्मले, तिच्या हक्कानें. त्यांच्या रयतेंतील कोणाही कोळ्यास, वारल्यास वा ठाकरास तोच हक्क होता. सिंहासन व झोंपडी यांस कायद्यानें एका यादींत बसविलें.

मागांच्या खडखडाटासाठीं प्रसिद्ध असलेल्या भिवंडीच्या नांवाचा हा मतदारसंघ यशवंतरावांनीं जिंकला. १९६७ सालीं ते डहाणूंतून पुन्हां निवडून आले. म्हणजे वारल्यांच्या उठावाच्याच भूमींतून. १९७१ च्या घटनादुरुस्तीनें संस्थानिकांचे तनखे व मानमरातब संपले आणि १९७८ सालीं यशवंतराव निवर्तले. त्यांचें जव्हार २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतें.

जुन्या घराण्याविषयींचा आदर किती, पक्षाचें बळ किती आणि सैनिकाच्या नांवाचें वजन किती, हें मतपेटी सांगत नाहीं. ती केवळ बेरीज सांगते. परंतु एवढें खरें, कीं गादी एकदां मिळाली म्हणजे जन्मभर पुरते, युद्धांतला हुद्दाही नांवामागें कायम राहतो. मत मात्र दर खेपेस नव्यानें मागावें लागतें. जव्हारच्या राजांनीं तें ज्यांजकडे मागितलें, त्यांच्यांत एके काळीं त्यांस मुजरा करणारीं माणसें होतीं. त्या दिवशीं मान कोणीं लवविली, याचें उत्तर भिवंडीच्या इतिहासांत नोंदलेलें आहे.