शिंदळ माकुडी : कड्यावरून कुंडीत

सज्जनगडावर शाळेची सहल गेली, की समाधी, तटबंदी, उरमोडीचे खोरे हे सारे मुलांना दाखवले जाते. गडाच्या उभ्या कातळात वाढणाऱ्या एका रानफुलाची ओळख मात्र राहून जाते. त्याचे नाव शिंदळ माकुडी. ही बहुवर्षायू वनस्पती निसर्गतः फक्त महाराष्ट्रात, आणि तीही शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्याच डोंगरांवर आढळते.

एन. ए. डाल्झेल व अलेक्झांडर गिब्सन यांनी १८६१ साली मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ही वनस्पती नव्हती. पुढे १८६५च्या सुमारास डाल्झेल यांनी जुन्नर परिसरातील नमुन्यावरून तिचे वर्णन केले. तिच्यासाठी नवी प्रजाती कल्पून त्यांनी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले.

वेगळी प्रजाती का? माकडशिंग हे हिचे भाईबंद, पण त्याचे खोड जवळजवळ निष्पर्ण असते. हिला मात्र चांगली ठसठशीत पाने येतात. एवढा फरक पुरेसा आहे का, यावर वाद झाला. १९५८ साली रोली यांनी तिला माकडशिंगाच्या ‘कॅराल्युमा’ प्रजातीत घातले. आता तिला ‘बाउसेरोशिया’मध्ये ठेवतात.

पानांचे खरे महत्त्व १९७७ साली लांगे व झूबर यांच्या प्रयोगांतून कळले. पावसाळ्यात पाने इतर झाडांप्रमाणे दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात. उन्हाळ्यात ती गळतात. मग हिरवे खोड रात्री रंध्रे उघडून तो वायू घेते, आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून वापरते. त्यामुळे पाणी वाचते. एकाच झाडात दोन ऋतूंसाठी दोन पद्धती!

बागेत ती लावणे अवघड नाही. खोडाचा तुकडा दोन-चार दिवस सावलीत सुकवून, पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या मुरमाड मातीत लावावा. साताऱ्यातच काय, कमी पावसाच्या सांगलीतही शाळेच्या कुंडीत ती वाढू शकेल. पिवळ्या ठिपक्यांची गडद तांबडी फुले माश्यांना बोलावतात. रुईवर वाढणाऱ्या नारिंगी कडवा फुलपाखराच्या अळ्या हिची पाने खातात. अळी दिसताच औषध फवारायचे, की तिच्यासाठी चार पाने सोडायची? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. एका झाडाच्या शंभर तुकड्यांपासून शंभर झाडे होतात, पण आनुवंशिक दृष्ट्या ती एकच. एखादा रोग आला, तर सगळीच बळी पडू शकतात. वैविध्य टिकते ते बियांतून. त्यासाठी वेगवेगळी झाडे हवीत, परागकण नेणाऱ्या माश्या हव्यात आणि बी रुजायला शाबूत कडा हवा. सातारा जिल्ह्यात शिरवळजवळ शिंदेवाडी येथील नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने हिच्या संवर्धनावर काम केले आहे.

म्हणून आमची एकच विनंती. शाळेसाठी रोप घ्यायचे, तर वाढवलेल्या रोपांतूनच घ्यावे. गडावरचा तुकडा तोडू नये. कुंडीतले झाड मुलांना ओळख करून देईल, पण कड्यावरच्या झाडाची जागा ते घेऊ शकत नाही. पुढच्या सहलीत मुलांना तो कातळ लांबूनच, पण थांबून पाहायला सांगावे.