विणकामाचे कापड : ताणक्षमता व आटणे

मागावरील कापडात उभे व आडवे धागे जवळजवळ सरळ असतात. विणकामाच्या म्हणजे होजिअरीच्या कापडात मात्र सुताचे फास एकमेकांत ओवलेले असतात. ओढ बसली की फासाचा आकार बदलतो. म्हणून सूत स्वतः फारसे ताणले न जाताही कापड ताणले जाते. याच गुणामुळे ते अंगाबरोबर बसते आणि याच गुणामुळे धुतल्यावर त्याची मापे बदलतात.

इंग्लंडमधील कॅल्व्हर्टन (नॉटिंगॅमशर) येथील विल्यम ली यांनी १५८९ मध्ये पायमोजे विणण्याचे यंत्र तयार केले. त्यावर फक्त साधी वीण निघे. साधी वीण लांबीपेक्षा रुंदीत अधिक ताणली जाते. जेडिडाया स्ट्रट यांनी १७५८-५९ च्या सुमारास या यंत्राला जोड देऊन सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या पट्ट्यांची वीण यंत्रावर आणली. या विणीत पट्ट्या एकमेकींमागे दुमडतात व ओढताच उलगडतात. त्यामुळे मोजा घोट्यावर घट्ट बसू लागला.

फासांची रचना कारागिरांच्या उपजीविकेशीही निगडित होती. रुंद यंत्रांवर विणलेले कापड कापून व शिवून स्वस्त मोजे काढण्यात येऊ लागले. त्यांना विणीव किनार नसे. ओढ बसताच कापलेल्या कडेचे टाके सुटत. अशा मालाने धंद्याची पत व मजुरी घसरते, ही नॉटिंगॅमशरमधील कारागिरांची एक प्रमुख तक्रार होती. १८११ मध्ये त्यांनी यंत्रे फोडण्यास प्रारंभ केला. १८१२ च्या कायद्याने या कृत्यास देहदंडाची शिक्षा ठरविली.

आटण्याची मीमांसा बरीच नंतर झाली. यंत्रावर कापड लांबीत ओढले जाते. पाणी व हालचाल मिळताच फास आपल्या स्वाभाविक आकाराकडे परततात. त्यामुळे सुती कापडाची लांबी घटते व रुंदी कित्येकदा वाढते. डी. एल्. मंडन यांनी १९५९ मध्ये साध्या विणीविषयी दाखविले, की ताणमुक्त कापडाची मापे मुख्यतः एका फासातील सुताच्या लांबीवर अवलंबून असतात. ठराविक क्षेत्रातील फासांची संख्या या लांबीच्या वर्गाशी व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे धुण्यानंतरच्या मापाचा अंदाज विणतानाच करता येऊ लागला.

लोकरीत आणखी एक कारण संभवते. तिच्या तंतूंवरील खवल्यांमुळे चोळताना तंतू एकाच दिशेने सरकून गुंततात व कापडाचा नमदा होतो. सैल विणीत तंतूंना मोकळीक असल्याने हा दोष अधिक आढळतो. ताणाने आलेला फरक ओलावून व सैल वाळवून बराचसा निघतो. नमदा झालेले कापड मात्र पूर्ववत होत नाही.