आकाशातली नदी आणि क्लाऊडमधला डेटा : विद्यानगरात बसून पुराचा माग कसा काढाल?

विद्यानगर (हुबळी) : ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा एकाच वेळी पात्राबाहेर आल्या. कोल्हापूर-बेळगाव महामार्ग बंद पडला, पट्टदकलच्या मंदिरांत पाणी शिरलं. कोणत्या धरणातून किती क्युसेक सोडलं, यावर दोन्ही राज्यांत अजूनही वाद होतो. पण मुळात एवढं पाणी आभाळात आलं कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही. त्याचा शोध घ्यायची साधनं आता मोफत आहेत, आणि साधा लॅपटॉप असलेला विद्यार्थीही ती वापरू शकतो.

वातावरणीय नदी म्हणजे काय?
समुद्रावरची वाफ वाऱ्याबरोबर एका लांबट पट्ट्यातून वाहते. पट्टा हजारो किलोमीटर लांब, रुंदी मात्र काहीशे किलोमीटर. यालाच वातावरणीय नदी म्हणतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी हे नाव रूढ केलं. असा पट्टा सह्याद्रीसारख्या डोंगराला धडकला, की हवा वर चढते, थंड होते आणि पाऊस कोसळतो. २०१८ च्या केरळमधील महापुराशी अशा पट्ट्याचा संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे. आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांना १९५१ ते २०२० या काळात भारतावर अशा ५९६ मोठ्या घटना आढळल्या. त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक पावसाळ्यातल्या.

मोजमाप कसं होतं?
हवेतली आर्द्रता गुणिले वाऱ्याचा वेग, जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या थरांची बेरीज. जगभर वापरला जाणारा एक निकष आहे सेकंदाला दर मीटर रुंदीमागे २५० किलो वाफ. आपल्या हिशेबात सांगायचं तर पट्ट्याच्या प्रत्येक किलोमीटर रुंदीतून सुमारे ८,८०० क्युसेक पाणी. पट्टा चारशे किलोमीटर रुंद धरला, तर आकडा ३५ लाख क्युसेकवर जातो.

इथेच एक गोम आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर हा आकडा बहुतेक रोजच ओलांडला जातो. तोच निकष लावला तर अख्खा पावसाळा 'नदी' ठरेल. म्हणून त्या ठिकाणच्या, त्या महिन्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा किती जास्त, हे पाहावं लागतं.

डेटा कुठे आहे?
युरोपीय हवामान केंद्राचा 'ईआरए-५' हा संच १९४० पासूनची तासागणिक स्थिती देतो. चौकट साधारण ३१ किलोमीटरची. एका घटकाची एका वर्षाची जगभरची माहितीच सुमारे ३६ जीबी भरते, त्यामुळे सगळं उतरवून घेणं घरच्या इंटरनेटला झेपत नाही. म्हणून हा संच गुगलच्या क्लाऊडवर 'झार' या स्वरूपात, म्हणजे छोटे तुकडे करून ठेवला आहे. पायथॉनमधील 'एक्सअ‍ॅरे'ने हवे तेवढेच तुकडे उघडता येतात. अरबी समुद्र ते बेळगाव-धारवाड एवढी खिडकी आणि एकच महिना घेतला, तर उरतात जेमतेम ४० एमबी. मात्र तुकडे तासागणिक अख्ख्या जगाचे पाडलेले असतील, तर छोट्या खिडकीसाठीही सगळं जग वाचावं लागतं. अशा वेळी गणित क्लाऊडवरच करून फक्त उत्तर उतरवावं.

काय जपायचं?
ईआरए-५ ची वेळ ग्रीनिच प्रमाणे असते, भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. शिवाय हवामान खात्याचा 'दिवस' सकाळी साडेआठला संपतो. हे जुळवलं नाही तर पाऊस आणि वाफ यांच्या तारखा चुकतात. दुसरं म्हणजे मलप्रभेचा उगम असलेलं कणकुंबी आणि हुबळी यांत तीन-चारच चौकटी येतात. एकीकडे घाटमाथ्याचा धोधो पाऊस, दुसरीकडे पर्जन्यछाया. ३१ किलोमीटरच्या चौकटीत हा फरक पुसट होतो. म्हणून पावसासाठी हवामान खात्याची १९०१ पासूनची दैनंदिन आकडेवारी सोबत घ्यावी. राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राचा 'आयएमडीएए' संच १२ किलोमीटरचा आहे, तोही उपयोगी.

उपयोग काय?
केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ आणि जाबिन विज्ञान महाविद्यालय दोन्ही विद्यानगरातच आहेत. २०१९ आणि २०२१ चे पूर तपासणं हा तिथल्या मुलांसाठी चांगला प्रकल्प ठरू शकतो. अर्थात ईआरए-५ काही दिवस उशिरा येतो, त्यावरून उद्याचा इशारा देता येत नाही. त्यासाठी हवामान खात्याचाच अंदाज पाहावा. पण असा पट्टा घाटावर किती तास टिकला की धरणं किती भरतात, हे जुन्या नोंदींतून कळलं, तर धरणात आधीच जागा करून ठेवायची चर्चा आकड्यांवर होईल. कोयना असो की नविलतीर्थ, पाऊस सुरू झाल्यावर वेळ फार थोडा उरतो.